तिसरा डबा खाली का पडतो?

वाचकांचे प्रश्न : वेबसाइट करताना

गेल्या अंकात सदराच्या शेवटी "वेबसाइट करताना अडलात तर कळवा" अशी एक ओळ टाकली होती. कळवलंत, आणि भरभरून कळवलंत. निम्म्याहून जास्त पत्रांत दुखणं एकच: मजकूर दिसतोय, पण सीएसएस (पान कसं दिसावं हे ब्राउझरला सांगणाऱ्या सूचनांची भाषा) ऐकत नाही. रंग लागत नाही, डबे एका रांगेत राहत नाहीत, मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

सीएसएस नवशिक्याला का छळतं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. ते तक्रार करत नाही. हिशेबाचा प्रोग्राम चुकला तर लाल अक्षरांत ओरडतो, अमुक ओळीत घोळ आहे म्हणून सांगतो. सीएसएसमध्ये वाट्टेल ते लिहा, ब्राउझरला कळलं नाही तर तो ती सूचना मुकाट्यानं सोडून पुढं जातो. हे मुद्दामच तसं ठेवलंय, नवी सूचना जुन्या ब्राउझरला कळली नाही तरी पान मोडू नये म्हणून. सोय चांगली, पण शिकणाऱ्याला वाटतं की आपण लिहिलेलं कुणी वाचलंच नाही. त्यामुळं खालच्या बहुतेक उत्तरांत मी तेच तेच सांगतोय असं वाटेल: ब्राउझरनं काय ऐकलं ते त्यालाच विचारा.

आणि एक. सूचनांची नावं मी इथं देवनागरीत लिहिलीत, वाचायला बरी पडतात म्हणून. कीबोर्डावर मात्र इंग्रजी अक्षरंच बडवायची. नाहीतर पुढच्या महिन्यात "रंग लाल असं लिहिलं, चाललं नाही" अशी पत्रं यायची.

प्रश्न : सर, माझे बाबा कोल्हापुरी चपला करतात. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्यासाठी एक साधं पान केलंय. लॅपटॉपवर तपकिरी पट्टी, पिवळं बटण सगळं छान दिसतं. होस्टिंगवर चढवलं आणि मोबाइलवर उघडलं तर पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि निळ्या लिंका. सीएसएसची फाइल तीच आहे, तीन वेळा चढवून झाली. (अथणी)

तू पडद्याचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्यात डावीकडं फाइलींची यादी दिसते. तिथं 'स्टाइल' या नावातला एस मोठ्या लिपीत आहे. आणि पानात वर जिथं फाइल जोडलीस, तिथं तो लहान लिपीत आहे. तुझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, त्याला या दोन नावांत फरक वाटत नाही. बहुतेक होस्टिंगचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सला मोठा एस आणि लहान एस ही दोन वेगळी माणसं. तू तीन वेळा चढवलीस ती फाइल तिथं आहेच, पण पान तिला भलत्याच नावानं हाका मारतंय. फाइलींची, फोटोंची, फोल्डरांची सगळी नावं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायची सवय आत्ताच लावून घे. चपलांच्या फोटोंवर पण हीच पाळी येणार आहे, बघून ठेव.

फोटो नसता तर हे कसं सापडलं असतं? लॅपटॉपवर चढवलेलं पान उघडायचं, एफ-१२ दाबायचं. खिडकीच्या कडेला एक नवीन कप्पा उघडतो. त्यात 'नेटवर्क' नावाचा टॅब आहे. तो उघडा ठेवून पान पुन्हा लोड करायचं. पानानं मागवलेली प्रत्येक फाइल तिथं एकेका ओळीत येते. ज्या ओळीपुढं ४०४ दिसेल ती फाइल मिळालेली नाही. याहून सोपं म्हणजे सीएसएस फाइलचा पूर्ण पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकून बघायचा. तुझे नियम अक्षरशः वाचायला मिळाले तर जोडणी ठीक. 'सापडत नाही' आलं तर नाव किंवा फोल्डर चुकलंय.

याच घरातले आणखी दोन पाहुणे आहेत, त्यांची ओळख करून देतो. नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह केली की कधी कधी तो मागं गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लावतो, आणि विंडोज ती शेपटी लपवतं, त्यामुळं नाव बरोबर दिसतं आणि फाइल चुकीची असते. दुसरा पाहुणा व्हॉट्सॲप. मैत्रिणीनं पाठवलेली कोडची ओळ चिकटवली की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी कधी कधी वळणदार अवतरणं आलेली असतात. माणसाला सुंदर दिसतात, ब्राउझरला ती अवतरणं वाटतच नाहीत. ती पुसून हातानं टाइप कर.

हे सगळं ठीक असूनही जुनंच पान दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाब. ब्राउझरनं साठवलेली जुनी प्रत बाजूला पडते आणि नवी येते.

जाता जाता, न विचारलेलं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्या चारांत आपला बेळगाव जिल्हा आहे. अथणीची चप्पल कोल्हापुरी कशी, असं विचारणारं गिऱ्हाईक येणारच. ते वाक्य पानावर ठळक घाल.

प्रश्न : काका, आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं पान करतोय. तीन डबे शेजारी-शेजारी हवेत: पुस्तकं, वेळ, संपर्क. बाहेरची चौकट ९६० पिक्सेल, म्हणून प्रत्येक डब्याला ३२० दिले. हिशेब बरोबर आहे ना? तरी तिसरा डबा खाली पडतोय. (निपाणी)

हिशेब बरोबर आहे रे, पण काय मोजायचं तेच चुकलंय.

बेळगावात मिठाईच्या दुकानात जाऊन अर्धा किलो कुंदा सांग. दुकानदार सरळ असेल तर काट्यावर कुंदा अर्धा किलो भरतो. पुठ्ठ्याचं खोकं, वरचा कागद, दोरा हे वेगळं. घरी आणून खोक्यासकट काट्यावर ठेवलंस तर अर्ध्या किलोहून जास्त भरणार. सीएसएस या सरळ दुकानदारासारखं वागतं. तू 'विड्थ ३२०' म्हणालास की ते फक्त आतल्या मजकुराला ३२० देतं. मग मजकुराभोवतीची मोकळी जागा म्हणजे पॅडिंग, आणि कडेची रेघ म्हणजे बॉर्डर, ही वरून.

तुझ्या फाइलीत पॅडिंग २० आहे. डावीकडं २०, उजवीकडं २०. बॉर्डर दोन्हीकडं एकेक. एक डबा झाला ३६२ पिक्सेलचा, तीन मिळून १०८६. चौकट ९६० ची. १२६ पिक्सेल कुठं जाणार? तिसऱ्या डब्याला खालची ओळ.

उपाय एका ओळीचा. फाइलीच्या अगदी वर, सगळ्या घटकांना लागू होणाऱ्या तारांकित नियमात 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लिही. म्हणजे खोक्यासकट अर्धा किलो. मिठाईवाल्यानं हे केलं तर भांडण होईल, वेबसाइटीत मात्र हेच हवं असतं.

आता गंमत ऐक. बॉर्डर डब्याच्या आत धरायची की बाहेर, यावर त्या जगातही बरीच वर्षं वाद चालला. मायक्रोसॉफ्टचा जुना इंटरनेट एक्सप्लोरर पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आत धरायचा. प्रमाण ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी नं ती बाहेर धरली. एकच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचं दिसायचं आणि आम्ही मध्ये सापडलेलो. शेवटी तोडगा निघाला तो असा, की ज्यानं त्यानं आपल्या डब्यापुरतं सांगावं, सीमा कुणाच्या हद्दीत. आपल्याकडच्या माणसाला यावर हसू येणार, दुसरं काय.

तरी तुझा डबा अजून खाली राहील, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण तू डब्यांना 'इनलाइन-ब्लॉक' केलंयस. त्या प्रकारात ब्राउझर डब्यांना शब्दांसारखं वागवतो. कोडमध्ये एक डबा संपून दुसरा नव्या ओळीवर सुरू होतो, ती मोकळी जागा त्याला दोन शब्दांमधली जागा वाटते. चार-पाच पिक्सेलची असते, पण ३२० गुणिले ३ नं ९६० पूर्ण भरलं असताना तेवढीही पुरते. इनलाइन-ब्लॉक काढून टाक. बाहेरच्या चौकटीला 'डिस्प्ले: फ्लेक्स' दे आणि डब्यांमध्ये फट हवी असेल तर तिथंच 'गॅप: १६ पिक्सेल'. फ्लेक्सचा डबा जागा कमी पडली तर थोडा आक्रसतो, लगेच खाली उडी मारत नाही.

पुढच्या वेळी असं काही झालं तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन लाव. कोण किती जागा खातोय ते उघड दिसतं. आउटलाइनच लाव, बॉर्डर नको, कारण शोधायला लावलेली बॉर्डर स्वतःच जागा खाते आणि पान आणखी बिघडतं. आउटलाइन जागा घेत नाही.

प्रश्न : भाऊ, आम्ही घरगुती साडीविक्री करतो. तयार टेम्प्लेट घेऊन पान केलं. "ऑर्डर द्या" हे बटण निळं आहे, मला जांभळं हवंय. त्याला क्लास दिला, नियम लिहिला, निळंच. शेवटी एका व्हिडिओत बघून शेवटी 'इम्पॉर्टंट' लावलं, झालं. पण आता कर्सर नेला की रंग बदलत नाही, तिथंही इम्पॉर्टंट लावलं. असं करत सतरा ठिकाणी लावलंय. हे बरोबर आहे का? (शहापूर, बेळगाव)

ताई, सतरा म्हणजे काहीच नाही. माझ्या एका जुन्या फाइलीत एक्केचाळीस निघाले होते. त्याची गोष्ट शेवटी सांगतो.

एकाच बटणाला दोन नियम दोन रंग सांगतात तेव्हा ब्राउझर वजन बघतो. आयडीचं (एकाच घटकाला दिलेल्या नावाचं) वजन सगळ्यात जास्त, त्याखाली क्लास (अनेकांना देता येणारं नाव), त्याखाली नुसता टॅग (घटकाचा प्रकार). मोजताना तीन रकाने करा. तुमच्या टेम्प्लेटातला नियम 'मेन' आयडीच्या आतल्या 'बटन' क्लाससाठी आहे: एक आयडी, एक क्लास. तुमचा नियम नुसत्या एका क्लाससाठी: शून्य आयडी, एक क्लास. पहिल्याच रकान्यात तुम्ही हरलात. तुमची फाइल शेवटी जोडलेली असली तरी उपयोग नाही, कारण "नंतर बोलेल त्याचं खरं" हा नियम वजन सारखं असेल तेव्हाच चालतो. आणि दहा क्लास एकत्र आणलेत तरी एका आयडीला हरवत नाहीत. रकाना वेगळा तो वेगळा.

म्हणून इम्पॉर्टंट, म्हणजे वजन न बघता आपलंच खरं करणारा शब्द, नको. तुमच्या नियमापुढं तोच 'मेन' आयडी लिहा. वजन बरोबरीचं झालं आणि तुमची फाइल नंतरची, म्हणजे जांभळं. कर्सर नेल्यावरचा रंगही तसाच लिहा. सतरा इम्पॉर्टंट एकेक करून काढा, एकदम नको.

इम्पॉर्टंट मुळात कशासाठी आहे ते कळलं की त्याचा असा वापर करताना जरा लाज वाटते. हाकोन व्हिउम ली या नॉर्वेच्या माणसानं १९९४ च्या ऑक्टोबरात सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. तेव्हा तो सर्न या संशोधन संस्थेत होता, जिथं वेबचा जन्म झाला तिथंच. नियमांचे थर एकमेकांवर ओघळत येतात, म्हणून नावात 'कॅस्केडिंग'. पान करणाऱ्याचे नियम, ब्राउझरचे नियम, आणि वाचणाऱ्याचेही. पान कसं दिसावं यात वाचकालाही बोलता यावं, हा त्यातला विचार. १९९६ च्या डिसेंबरात पहिली आवृत्ती मान्य झाली, आणि १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून असं ठरलं की वाचकानं स्वतःच्या ब्राउझरात लावलेला इम्पॉर्टंट पान करणाऱ्याच्या इम्पॉर्टंटवर मात करतो. डोळ्यांनी अधू माणसाला "मला अक्षर मोठंच हवं" म्हणता यावं म्हणून. आपण तो बटण जांभळं करायला खर्चतो.

आता रंग का लागला नाही हे ब्राउझरला कसं विचारायचं, ते जरा सावकाश वाचा. बटणावर उजवं क्लिक, 'इन्स्पेक्ट'. उजवीकडं त्या बटणाला लागू असलेले सगळे नियम उतरंडीसारखे दिसतात, जिंकलेला वर. प्रत्येकाच्या कडेला फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. तुमचा नियम शोधा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

तुमची रंगाची ओळ आहे पण तिच्यावर काट मारलीय: तुमचं ऐकलं, पण दुसरा वजनानं जिंकला. तो कोण ते वरच लिहिलंय. तुमच्या बाबतीत हेच झालं.

ओळ आहे, काट आहे, आणि शेजारी पिवळा त्रिकोण: ब्राउझरला तुमचं म्हणणं कळलंच नाही. स्पेलिंग चुकलंय, नाहीतर '१० पिक्सेल' लिहिताना आकडा आणि एककाच्या मध्ये जागा सोडलीय. कोडमध्ये ती जागा चालत नाही.

तुमचा नियम यादीत मुळात नाहीच: नियम या बटणापर्यंत पोचलाच नाही. क्लासच्या आधीचा टिंब राहिलाय, क्लासचं नाव इथं एक आणि तिथं एक आहे, किंवा त्याच्या आधीच्या नियमाचा महिरपी कंस मिटलेला नाही.

सीएसएस तोंड उघडत नाही असं मी वर म्हटलं ते खरं, पण या खिडकीत त्याचे सगळे जबाब लिहिलेले असतात.

आता एक्केचाळीसची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गणेश मंडळाचं पान मी करून दिलं होतं. आगमनाच्या आदल्या रात्री अध्यक्षांचा फोन, "वर्गणीदारांची यादी एकदम डाव्या कडेला चिकटलीय, जरा आत घ्या की." मी पॅडिंग दिलं. हलेना. इम्पॉर्टंट लावला. हलेना. मग चिडून दिसेल तिथं इम्पॉर्टंट लावत सुटलो. गल्लीत ढोल-ताशाचा सराव चाललेला, डोकं उठलेलं. पहाटे तीनला बायको पाणी प्यायला उठली, मागं उभी राहून बघत म्हणाली, "वरच्या ओळीला शेवटी ते टिंब-स्वल्पविराम नाही, बाकी सगळ्यांना आहे. ते मुद्दाम आहे काय?" तिला कोड येत नाही. ती माझ्या दुकानात पत्रिकांची मुद्रितं तपासते, तिच्या नजरेला विरामचिन्ह बोचतं. रंगाच्या ओळीनंतर अर्धविराम नव्हता. त्यामुळं ब्राउझरनं रंग आणि पुढचं पॅडिंग मिळून एकच सूचना धरली, ती कळली नाही म्हणून दोन्ही टाकून दिल्या. रंग तसाही दुसऱ्या नियमातून येत होता, म्हणून त्याची उणीव दिसली नाही. दिसली ती पॅडिंगची, आणि चूक मात्र तिच्या वरच्या ओळीत. एक्केचाळीस इम्पॉर्टंट काढायला गणपती विसर्जन होईपर्यंत पुरले.

प्रश्न : महोदय, निवृत्त शिक्षक आहे. गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची माहिती मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत पानावर देत आहोत. मुलांनी टेम्प्लेट आणून दिले. शीर्षकातील शिरोरेषा तुटक दिसते, आणि काही ठिकाणी वरच्या मात्रा व खालची जोडाक्षरे कापली जातात. कन्नड मजकूर मराठीपेक्षा निराळ्याच जाडीचा दिसतो. जुन्या स्मरणिकेतील मजकूर चिकटवला तर तो इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. (खानापूर तालुका)

गुरुजी, नमस्कार. शेवटचं आधी सांगतो, कारण ते सीएसएसचं दुखणं नाही. स्मरणिका जुन्या डीटीपी फॉन्टात केलेली आहे. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, म्हणून तो फॉन्ट नसेल तिथं मूळचं इंग्रजी उघडं पडतं. मजकूर युनिकोडात रूपांतर करून घ्यावा लागेल, आणि त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतील. तुमच्याइतकं चांगलं ते दुसरं कुणी करणार नाही.

बाकीचे रोग आपल्या लिपीचे आहेत. टेम्प्लेट करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी होती. तिची अक्षरं सुटी सुटी उभी असतात, त्यांच्यात थोडं अंतर सोडलं की शीर्षक ऐटदार दिसतं. त्यासाठी त्यानं 'लेटर-स्पेसिंग' नावाची सूचना दिलेली असणार. आपली अक्षरं एका दोरीला टांगलेली. प्रत्येक अक्षरामागं तीन पिक्सेल घातले की दोरी तुटते आणि 'जीर्णोद्धार'चे जी, र्णो, द्धा, र असे चार तुकडे लोंबतात. कन्नडला ते एवढं बोचत नाही, कारण तिथं प्रत्येक अक्षराचं तलकट्टू आपापलं असतं, एकमेकांत जोडलेलं नसतं. म्हणून मुलांनी कन्नड बाजू बघून "ठीक आहे" म्हटलं असेल.

उपाय असा. मराठी मजकुराच्या प्रत्येक भागाला एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर ज्या कोडात मांडतात त्यात) 'लँग' म्हणून 'एमआर' लावायला सांगा, कन्नड भागाला 'केएन'. मग सीएसएसमध्ये 'एमआर' भाषेपुरता नियम लिहून लेटर-स्पेसिंग 'नॉर्मल' करायचं. टेम्प्लेटाचा नियम वजनानं भारी पडला तर वर शहापूरच्या ताईंना सांगितलेला इलाज करायचा. भाषा लावून ठेवण्याचे आणखी फायदे आहेत. पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं की हे मराठी उच्चारांनी वाचायचं. आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथं ते आपोआप येतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो आणि आपल्यासारख्यांना तो खटकत राहतो.

कापलेल्या मात्रांकडं येऊ. माझ्या वडिलांचा छापखाना होता. लहानपणी मी खिळे जुळवणाऱ्या मामांच्या शेजारी बसायचो. दोन ओळींच्या मध्ये ते शिशाच्या पातळ पट्ट्या घालायचे. इंग्रजी मजकुराला एक पट्टी पुरायची तिथं मराठीला जास्त लागायची, कारण आपण वरही वाढतो आणि खालीही. तुमचाच शब्द घ्या. 'र्णो'मध्ये ओकाराची मात्रा आणि रफार दोन्ही डोक्यावर, आणि पुढच्याच 'द्धा'मध्ये ध खाली लटकलेला. कन्नडात तर जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, ओत्तक्षर, सर्रास खालीच बसतं. टेम्प्लेटात 'लाइन-हाइट' १.१ किंवा १.२ असणार. ती मराठीला १.६ ते १.८ करून बघा.

इथं एक बारकावा आहे, मुलांना वाचून दाखवा. लाइन-हाइटला एकक लावू नका. पूर्ण पानाला २४ पिक्सेल असं दिलं, तर ४० पिक्सेलच्या शीर्षकालाही तेच २४ वारशानं मिळतात, आणि दोन ओळींचं शीर्षक एकमेकांवर चढतं. नुसता १.७ लिहिला तर प्रत्येक जण स्वतःच्या अक्षराच्या १.७ पट जागा घेतो. एवढं करूनही मात्रा कापली जात असेल तर त्या डब्याला ठरावीक उंची आणि 'ओव्हरफ्लो: हिडन' दिलेलं आहे का बघा. उंची काढून टाका. मजकुराला त्याची उंची त्यालाच ठरवू द्या.

जाडीचा फरक फॉन्टांमुळं. सीएसएसमध्ये फॉन्टांची यादी देतो तेव्हा ब्राउझर एकेका अक्षरासाठी ती यादी वरून खाली चाळतो. टेम्प्लेटातल्या फॉन्टात देवनागरीही नाही आणि कन्नडही नाही, म्हणून तो संगणकात जे असेल ते उचलतो. जुन्या विंडोजवर मराठीला मंगल आणि कन्नडला तुंगा, नव्या विंडोजवर दोन्हींना निर्मला, अँड्रॉइड फोनवर नोटो. प्रत्येक घरी तुमचं मंदिर निराळं दिसणार. नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड ही जोडी पानासोबतच लोड करा, दोन्ही एकाच कुटुंबातली आहेत, जाडी जुळते. शीर्षकं ठळक असतील तर ७०० जाडीची प्रतही मागवायला विसरू नका. नाही मागवली तर ब्राउझर साध्या अक्षरालाच शाई फासून ठळक करतो, आणि क्ष, ष यांची पोटं भरून जातात.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नका. एका पतसंस्थेच्या पानावर मीच लेटर-स्पेसिंग ठेवून दिलं होतं. उद्घाटनाला पडद्यावर पान आलं, आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "रेघ ओढायची राहिली बघा."

प्रश्न : लॅपटॉपवर पान बरोबर, मोबाइलवर तेच पान पूर्ण पण अगदी बारीक दिसतं. मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागणारे नियम) लिहिल्या, त्या लागतच नाहीत. (संकेश्वर)

एचटीएमएलच्या हेडमध्ये 'व्ह्यूपोर्ट'ची मेटा ओळ नाही. ती नसेल तर फोन समजतो की हे संगणकासाठी केलेलं जुनं पान आहे, ते साधारण ९८० पिक्सेल रुंदीत मांडतो आणि आक्रसून दाखवतो. तुमच्या क्वेरी ६०० च्या खालच्या रुंदीला आहेत, फोन स्वतःला ९८० सांगतोय, मग त्या लागणार कशा? रुंदी 'डिव्हाइस-विड्थ' आणि 'इनिशिअल-स्केल' १ एवढं घाला. फोटो बाहेर जात असतील तर त्यांना 'मॅक्स-विड्थ: १०० टक्के' आणि 'हाइट: ऑटो'.

प्रश्न : मेन्यू खाली उघडतो तो धबधब्याच्या फोटोमागं जातो. झेड-इंडेक्स ९९९९ दिला, मग ९९९९९ दिला. (गोकाक)

आणखी एक नऊ वाढवू नका. झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कुणाच्या वर दिसणार ते ठरवणारा आकडा, साध्या घटकाला लागत नाही. मेन्यूला 'पोझिशन: रिलेटिव्ह' किंवा 'ॲब्सोल्यूट' आहे का बघा. असूनही मागं जात असेल तर मेन्यू ज्याच्या पोटात आहे त्या पट्टीवर 'ओपॅसिटी' एकाहून कमी किंवा 'ट्रान्सफॉर्म' दिलेलं असणार. मग ती पट्टी म्हणजे वेगळी खोली होते, आणि आतल्या मेन्यूचे नऊ त्या खोलीतच मोजले जातात. खोलीलाच वर उचला, म्हणजे पट्टीला पोझिशन आणि झेड-इंडेक्स १ द्या. बहुतेक वेळा एक पुरतो.

तुमच्या पत्रासोबत करदंटाचा डबा आला, तो पोचला. यापुढं कुणीही लिहिताना पडद्याच्या फोटोसोबत पानाचा पत्ताही पाठवा. इन्स्पेक्ट करायला मला पान लागतं, आणि फोटोवर उजवं क्लिक करून काही निघत नाही.